अंगणातली विसरलेली टाकी

हैदराबादच्या विद्यानगरमध्ये माझी मावशी राहते. बिदरहून लग्न होऊन ती तिथे गेली त्याला चाळीस वर्षे झाली. घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि गावाकडचे कुणी भेटले की कन्नड, असा तिचा रोजचा कारभार. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. एक दिवस न्हाणीघरातले पाणी लवकर जाईना, संडासात गुडगुड आवाज येऊ लागला. "टाकी भरली वाटतं," काका म्हणाले. शेवटची कधी उपसली होती? "धाकटीच्या लग्नाआधी." त्या धाकटीची मुलगी आता चौथीत आहे!

काकांनी मजुरांच्या अड्ड्यावरून दोन पोरे आणली. बरोबर बादली आणि दोर. त्यातला एक कलबुर्गीकडचा. झाकण बाजूला करून तो विजार वर दुमडू लागला, तोच मावशी स्वयंपाकघरातून धावत आली. "तम्मा, ओळग इळिब्याडा!" आपली भाषा ऐकून पोरगा थबकला. "अक्का, आमचं रोजचंच काम आहे," तो कन्नडमधूनच म्हणाला. मावशीने ऐकले नाही. दोघांना चहा दिला, अर्ध्या दिवसाची मजुरी हातावर ठेवली आणि परत पाठवले. काका कुरकुरले, "गाडीवाला जास्त पैसे घेईल." मावशी म्हणाली, "घेऊ देत. पोराच्या जिवापेक्षा जास्त तर घेणार नाही ना?"

वाचकहो, मावशीची भीती अगदी खरी होती. बंद टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू साठतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणजे "आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही" असे वाटते, तीच वेळ सर्वांत धोक्याची. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. काडी पेटवून किंवा कंदील सोडून पाहणेही नको, मिथेन पेट घेतो.

कायदाही मावशीच्याच बाजूचा आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणे गुन्हा ठरले. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरमालक म्हणून आपणही त्यातून सुटत नाही. या प्रथेविरुद्ध आयुष्यभर झगडणारे आणि २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळवणारे बेझवाडा विल्सन हे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सचे.

दुसऱ्या दिवशी पंपाची गाडी आली. झाकणातून पाइप आत गेला आणि तासाभरात काम झाले. कुणाला आत उतरावे लागले नाही.

मुळात ही वेळ का येते? टाकीत तीन थर असतात. तळाशी गाळ, वर तेला-तुपाची साय आणि मधे पाणी. हे मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा ड्रेनेजमध्ये जाते. जंतू मैला कुजवतात, पण सगळा संपवत नाहीत. गाळ साठतच राहतो. वेळेवर काढला नाही तर तो पाण्याबरोबर पुढे जाऊन शोषखड्डा तुंबवतो. मग खर्च दुप्पट! म्हणून दर दोन-तीन वर्षांनी, शक्यतो पावसाळ्याआधी, टाकी उपसून घ्यावी. जंतूंसाठी थोडा गाळ तळाशी राहू द्यावा.

अ‍ॅसिड आणि भरमसाट फिनेल संडासात ओतू नये, त्याने जंतू मरतात. तळणीचे तेल, सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर टाकू नयेत. गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत सोडू नये. हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी आणि झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. अशा घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवतो, आणि बिदर, कलबुर्गी, सोलापूर, नांदेड या आपल्या भागाला तो रोग नवा नाही. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट तरी लांब हवा.

उपसलेला मैला कुठे जातो, हेही गाडीवाल्याला विचारावे. नाल्यात ओतला तर आपली घाण दुसऱ्याच्या दारात. यावर दोन्ही मुलखांत चांगली कामे झाली आहेत. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ मध्ये टाक्यांतल्या मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र सुरू झाले. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपरिषदेने तर भरण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी एकेक घराची टाकी उपसण्याची पद्धत बसवली.

हैदराबादचेही असेच आहे. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने शहर उद्ध्वस्त झाल्यावर निजामाने १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावले. कन्नड मुलखात जन्मलेला, पुण्यात इंजिनिअर झालेला हा माणूस. पुराबरोबरच त्यांनी शहराच्या ड्रेनेजचाही विचार केला. पण मोठ्या माणसांनी शहराचे पाहिले तरी अंगणातल्या टाकीचे आपल्यालाच पाहावे लागते.

गाडी गेल्यावर मावशीने काय केले असेल? ऑइलपेंटचा डबा काढला आणि मोटारीच्या बटणाशेजारी भिंतीवर त्या दिवसाची तारीख लिहिली. खाली तीन वर्षांनंतरची. कॅलेंडर दरवर्षी बदलते, भिंत बदलत नाही. मग तिने त्याखाली कन्नडमध्ये आणखी एक ओळ लिहिली, "ओळग यारू इळिब्याडा." आत कुणी उतरू नये. तुमच्या घरच्या भिंतीवर कोणती तारीख लिहायची, ते आजच घरात विचारा.