कझू : नादातून जन्मलेले नाव

खेळण्यांची नावे सहसा विद्वान ठेवत नाहीत. ती कान ठेवतो. खुळखुळ वाजतो तो खुळखुळा, डुगडुग करते ती डुगडुगी. व्याकरणात अशा शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात. अमेरिकेतील ‘कझू’ हे खेळण्यातले वाद्य याच कुळातले.

कझू म्हणजे चार-पाच इंचांची एक नळी. तिच्या वरच्या छिद्रावर पातळ पडदा बसवलेला असतो. केवळ फुंकर घातली तर ती मुकीच राहते. तिच्यात गुणगुणावे लागते. त्या स्वराने पडदा थरथरतो आणि आवाजाला भुंग्यासारखी झणझण येते. कंगव्यावर पातळ कागद धरून गुणगुणणाऱ्या मुलांना हे तत्त्व अनुभवाने ठाऊक असते.

या नावाला निराळा अर्थ नाही. आपल्या काजूशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे. काजू हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. कझू हे बहुधा ‘बझू’ या जुन्या अमेरिकन शब्दाचे बदललेले रूप असावे, असे कोशकार मानतात. बझू म्हणजे तुतारी; बोलीभाषेत तोंडालाही बझू म्हणत. मुळाशी मात्र नादाचेच अनुकरण.

या वाद्याच्या जन्माची एक गोड कथा सांगितली जाते. 1840 च्या दशकात जॉर्जिया राज्यातील मेकन गावी अलाबामा व्हेस्ट या कृष्णवर्णीय गृहस्थाने ते कल्पिले आणि एका जर्मन घड्याळजीने घडवले, अशी ती कथा. तिला समकालीन लेखी पुरावा मिळालेला नाही. कागदावर दिसते ते वॉरन फ्रॉस्ट यांचे 1883 चे पेटंट. त्यात त्यांनी आपल्या वाद्याला ‘कझू’ हे नाव दिले. पुढे 1902 मध्ये बफेलोच्या जॉर्ज स्मिथ यांनी धातूच्या कझूचे पेटंट घेतले आणि 1916 पासून न्यूयॉर्क राज्यातील ईडन गावच्या कारखान्यात ते बनू लागले. तोंडी हवाला कितीही रसाळ असला, तरी खतावणीत नोंद होते ती पावतीचीच. हा व्यापारातला नियम शब्दांच्या इतिहासालाही लागू पडतो.

बझूचा दुसरा वंशज मात्र वेगळ्या वाटेने गेला. बॉब बर्न्स या विनोदी कलावंताने नळ्या आणि नरसाळे जोडून एक गमतीदार वाद्य केले व त्याला ‘बझूका’ म्हटले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने खांद्यावरून रॉकेट डागणारी नळी आणली. ती त्या वाद्यासारखी दिसते म्हणून सैनिक तिलाही बझूका म्हणू लागले. लोकांना हसवण्यासाठी घडलेला शब्द रणगाडे फोडणाऱ्या शस्त्राचा झाला, आणि आज बहुतेकांना त्याचा तेवढाच अर्थ ठाऊक आहे.

एकाच मुळाचे हे दोन शब्द. एक मुलांच्या ओठांवर राहिला, दुसरा सैनिकाच्या खांद्यावर गेला. नादाला वैर ठाऊक नसते. शब्दाला हिंसा चिकटते ती माणसाच्या वापराने. नळीतही अखेर तेच उमटते, जे माणूस तिच्यात गुणगुणतो.