तराण्याची भाषा कोणती?

पणजीहून सकाळची बस धरायची, चोर्ल्याच्या घाटातून बेळगाव, तिथे गाडी बदलून निपाणी. उशिराच्या जेवणापर्यंत मी ताईच्या घरी पोचतो. वर्षातून दोनदा ही फेरी होतेच. निपाणी जवळ आली हे मला पाटी वाचून कळत नाही (पाट्यांचा विषय पुढे येणारच आहे), नाकाला कळतं. तंबाखूचा तो उग्र, किंचित गोडसर वास...

यंदा जेवण होतंय न होतंय तोच भाच्याने हाताला धरून वखारीत नेलं. भावोजींनी व्यापार आटोपता घेतलाय, वखार अर्धी रिकामी असते. त्या रिकाम्या अर्ध्यात गिटार, ॲम्प्लिफायर, लॅपटॉप आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला टांगलेल्या जुन्या गाद्या. "मामा, आयकून तर बघा," म्हणाला आणि बटण दाबलं.

मित्रहो, मी नाट्यगीतांवर वाढलेला माणूस. पहिल्या मिनिटातच मला ठसका लागला, तो तंबाखूचा की संगीताचा हे सांगता येणार नाही. गिटारची सर्वांत जाड तार एक स्वर खाली उतरवलेली, तिचा आवाज मुद्दाम फाडलेला. त्याखाली कोणीतरी पुटपुटतंय. मग एकदम आरोळी, सगळं अंगावर कोसळतं, आणि पुन्हा पुटपुट. शब्द? एकही कळेना.

याला ग्रंज म्हणतात. शब्दाचा अर्थच मळ, काजळी. १९८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटल शहराच्या आसपास हे प्रकरण सुरू झालं. 'निर्वाणा'चा कर्ट कोबेन हा त्यातला सर्वांत गाजलेला. तो सिएटलचाही नव्हे, ॲबर्डीन नावाच्या लाकूडतोडीच्या, उतरती कळा लागलेल्या गावचा. त्यांचा १९८९चा पहिला अल्बम सहाशे सहा डॉलरांत ध्वनिमुद्रित झाला होता. हे ऐकल्यावर मला वखारीतल्या गाद्या जरा वेगळ्या दिसू लागल्या. निपाणीही एकाच पिकावर उभं राहिलेलं गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखून धरला होता, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. अशा गावातल्या पोराने गुळगुळीत प्रेमगीतंच का करावीत?

"एकट्यानेच केलंस सगळं?" मी विचारलं.

"बँड होता की मामा, चौघांचा. ड्रमवाला पुण्याला गेला, बेसवाला बेंगळुरूला. तिसऱ्याचं लग्न झालं. आता मीच चौघं."

एकट्याने केलेला अल्बम म्हटला की लोक लगेच अहंकार तरी बघतात, नाहीतर एकाकी प्रतिभावंत वगैरे. मला दोन्ही पटत नाही. लहान गावात बहुतेकदा कारण साधं असतं, बाकीचे नोकरीला गेलेले असतात. खुद्द ग्रंजमधलं उदाहरण बघा. १९९४च्या एप्रिलमध्ये कोबेनने आत्महत्या केली आणि निर्वाणा संपला. त्यांचा ड्रमर डेव्ह ग्रोल ऑक्टोबरात सिएटलजवळच्या एका स्टुडिओत गेला आणि आठवड्याभरात अख्खा अल्बम एकट्याने वाजवून, गाऊन बाहेर पडला. ड्रम्स झाले की गिटार, गिटार झाली की बेस. एका गाण्यातली एक गिटार तेवढी दुसऱ्याची. शंभरेक कॅसेटी करून ओळखीत वाटल्या. नाव दिलं 'फू फायटर्स', अनेकवचनी, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की पुष्कळ जण आहेत. १९९५च्या जुलैत तो रीतसर बाजारात आला.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? १९८४ साली आमच्या शिवोलीत रेमो फर्नांडिसने घरच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर 'गोअन क्रेझी' केला. वाद्यं त्याची, आवाज त्याचा, वेष्टन त्याचं, आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवणाराही तोच. त्याचं संगीत ग्रंज नव्हे, हे मान्य. पण कोणाच्या परवानगीची वाट न बघता खोलीत बसून अल्बम करायचा, हे त्याने सिएटलच्या दहा वर्षं आधी करून दाखवलं. आमच्या घरात ती कॅसेट नव्हती. का? तर इंग्रजी म्हणून. आम्ही मराठीवाले, ते त्यांचं. १९८७च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे तर हे 'आमचं-त्यांचं' इतकं पेटलेलं होतं की गाणं कसं आहे हा प्रश्नच कोणाला सुचत नव्हता. मी ती गाणी ऐकली ती थेट कॉलेजात, एका मित्राच्या खोलीवर. इतकी वर्षं शेजारी राहून ऐकलं नाही याची लाज वाटली, अजून वाटते.

तरीसुद्धा त्या दिवशी वखारीत माझ्या तोंडून निघालं ते हेच, "मराठीत का नाही रे?"

भावोजी दारात उभे होते. त्यांना जोर चढला. ते सीमालढ्यातले, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला बेळगावला न चुकता जाणारे. त्यांचं म्हणणं, पोरगा गातो तर मराठीत गाऊ दे. गल्लीतल्या कन्नड मित्रांचं म्हणणं, एखादं तरी कन्नडमध्ये कर. आणि पोराने काय केलं, तर शब्दच पुसून टाकले! "कुठल्याबी भाषेत गायलं तर पयला प्रश्न तोच पडतोय मामा, तू कुणाकडला. गाणं कोण ऐकतंय?"

रात्री झोप लागेना. दोष पोराचा की आमचा? १९५६पासून या पट्ट्यात प्रत्येक अक्षराला साक्षीदार म्हणून उभं केलं जातंय. दुकानाची पाटी, बसवरचा फलक, शाळेचा दाखला. मी भावोजींच्या बाजूचाच माणूस आहे, मराठीवरचा अन्याय मला दिसतो, आणि २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचं काही व्हावं असं मलाही वाटतं. पण गाण्यालाही त्या दाव्यात पुरावा म्हणून जोडायचं का?

आणि मग तराणा आठवला. भावोजींचा जीव की प्राण. नोम, तोम, तनन, दीम... या तराण्याची भाषा कोणती, हे त्यांनी आयुष्यात कधी विचारलेलं नाही. कुमार गंधर्वांचे तर ते भक्त. कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९२४चा जन्म, शिवपुत्र कोमकळी, घरची भाषा कन्नड. क्षयाने फुफ्फुस गेलं, काही वर्षं गाणं बंद, आणि पुढे गायले ते तुटक, झटक्याच्या स्वरांनी, त्याच मोडक्या श्वासातून नवी गायकी काढत. याच माणसाने 'मला उमजलेले बालगंधर्व' मांडला, आणि मराठी रसिकांनी डोक्यावर घेतला. बेळगावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. म्हणजे याच मातीत, निरर्थक अक्षरं, फाटका श्वास आणि परक्या घरचा गायक, तिन्ही आम्ही मान्य केलेत. फक्त तानपुरा सोबत हवा! गिटार आली की लगेच रहिवासी दाखला मागायचा. (गणपतीत मिरवणुकीचा डीजे खिडक्यांच्या काचा हलवतो तेव्हा कोणी काही मागत नाही. असो.)

सकाळी मी वखारीत पुन्हा सगळं ऐकलं, या खेपेला नीट. सात तुकडे होते. दोन मला खरोखर आवडले. एका ठिकाणी मात्र मी त्याला सोडलं नाही. तिसऱ्या आणि पाचव्या तुकड्यात तो जे पुटपुटतो ते पुटपुटणं उसनं आहे, जीभ अमेरिकन वळवलेली. सहाव्यात तसं नाही. तिथे त्याची आज्जी उन्हात पानं निवडताना स्वतःशीच जे बोलायची तसलं काहीतरी ऐकू येतं. शब्द नाहीतच, पण तोंड निपाणीचं आहे. मी म्हटलं, शब्द नको असतील तर नको घालूस, मराठीचं मी काढलेलं परत घेतो, पण पुटपुटायचं तर आपल्या तोंडाने पुटपुट. रेमोच्या इंग्रजीतला गोवा लपत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिसरं परत करतो. पाचवं हाय तसंच ऱ्हाऊ दे." पाचव्याबद्दल तो चुकतोय असं मला अजून वाटतं.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. तिसरं नव्याने झालंय, आता अडलंय ते वेष्टनावर. नाव देवनागरीत लिहिलं तर एक जण रुसणार, कन्नडमध्ये लिहिलं तर दुसरा, रोमनमध्ये लिहिलं तर दोघे मिळून हसणार. म्हणून वेष्टन कोरंच ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, तिन्ही लिप्यांत लिही, तुझ्या गावात तिन्ही वाचता येतात. त्याला ते सरकारी फलकासारखं दिसेल असं वाटतं. बाजूलाच भावोजी होते. त्यांनी फोन घेतला आणि हळूच विचारलं, "ते सहावं गाणं, आईचं... ते मोबाईलवर कसं घ्यायचं हो?"