नितळ पाण्याची साक्ष

पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे ओळखावे कसे? आम्ही तर पेला उजेडाकडे धरतो, वास घेतो आणि एक घोट चाखून पाहतो. आपल्या वाडवडिलांनीही हेच केले. परंतु गंगेच्या खोऱ्यात लक्षावधी कुटुंबांना याच परीक्षेने दगा दिला. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

बंगालच्या खेड्यांत लोक पूर्वी तळ्यांचे पाणी पीत. त्यामुळे पटकी व अतिसार यांनी मुले दगावत. म्हणून विशेषतः १९७० नंतर तेथे गावोगाव हातपंप बसविण्यात आले. बांगलादेशात या कामी युनिसेफने मोठे साहाय्य केले. हेतू चांगला होता. मात्र त्या नितळ पाण्यात आर्सेनिक आहे काय, हे प्रथम कोणी पाहिले नाही. उंदीर मारण्याचा सोमल याच आर्सेनिकाचा बनतो. पाण्यात त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. ते कोणी कारखान्यातून ओतले नव्हते. हिमालयातून वाहत आलेल्या गाळातील लोहाच्या गंजाला ते चिकटून होते. जेथे हवा पोहोचत नाही अशा थरांत सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने तो गंज विरघळला आणि विष पाण्यात उतरले.

१९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे काही खेडूत आले. त्यांच्या अंगावर काळे ठिपके होते आणि तळहातांवर व तळपायांवर चामखिळीसारख्या कठीण गाठी होत्या. अशा रोग्यांस गावात पुष्कळदा कुष्ठरोगी समजत, त्यांच्या मुलींची लग्ने मोडत, सुनांना माहेरी धाडीत. हे कुष्ठ नव्हे, हा पाण्यातील आर्सेनिकाचा परिणाम आहे, आणि तो एकापासून दुसऱ्यास लागत नाही, हे डॉक्टरांनी ओळखले. तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर त्वचेचा, फुफ्फुसांचा व मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो.

परंतु विष कोणत्या पंपात आहे, हे कसे कळावे? येथे रसायनशास्त्रज्ञांची गरज लागली. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ साली हे काम हाती घेतले आणि २०१८ साली निवर्तेपर्यंत ते सोडले नाही. त्यांचे सहकारी खेड्यांत जाऊन पाणी, आणि लोकांचे केस, नखे व मूत्र यांचे नमुने आणीत, कारण शरीरात गेलेले आर्सेनिक केसांत व नखांत साठून राहते. प्रयोगशाळेत नमुन्यावर रसायनांची क्रिया करून त्यातील आर्सेनिकाचा वायू बनवितात. तो तापलेल्या नळीत नेऊन त्यातून विशिष्ट प्रकाश सोडतात. त्या प्रकाशाचा किती अंश शोषला गेला, यावरून विषाचे माप निघते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत मिळून अवघा एक ग्रॅम! जिभेला हे कसे कळावे?

२००२ साली बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझापट्टी या गावी याच विद्यापीठाच्या मंडळींनी २०६ पंप तपासले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक पंपांच्या पाण्यात ५० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक निघाले. बांगलादेशात पुढे सुमारे ५० लाख पंप तपासून विषारी पंपांना लाल व निर्धोक पंपांना हिरवा रंग दिला गेला. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही, तिलाही घागर कोठे भरावी हे त्या रंगाने सांगितले. प्रयोगशाळेतील आकडा असा चुलीपर्यंत पोहोचला, तरच त्याचे सार्थक झाले असे आम्ही म्हणतो.

वाचकहो, आपल्या सर्वच विहिरी गंगेच्या गाळात खणलेल्या नाहीत. म्हणून ही भीती जशीच्या तशी प्रत्येकाच्या दारी आणणे योग्य होणार नाही. तरी हैदराबादेजवळच्या नलगोंडा भागात नितळ पाण्यातीलच फ्लोराइडने माणसांची हाडे वाकली, हे विसरता येत नाही. जमिनीच्या पोटात काय आहे, ते वरून दिसत नाही.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. दुसरी गोष्ट अशी की, पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. नवी कूपनलिका खोदली की देवाचे आभार मानून आपण पहिली घागर भरतो, ते योग्यच आहे. त्याच दिवशी एक स्वच्छ बाटली प्रयोगशाळेसाठीही भरावी. आणि शेजाऱ्याच्या अंगावर डाग दिसला, तर त्याच्यापासून दूर सरण्याआधी तो पाणी कोठले पितो, हे विचारावे.