शिकागोचे खेळाडू आणि ‘रक्तातलं’ मेरिट

आयझाया थॉमस, ड्वेन वेड, डेरिक रोझ, अँथनी डेव्हिस. शिकागो शहराने एनबीएला दिलेली ही नावं बास्केटबॉल पाहणाऱ्या सवर्ण मित्रांना तोंडपाठ असतात. एकाच शहरातून एवढे कसे, याचं उत्तरही तयार असतं: काळ्यांच्या रक्तातच असतं ते! पीण्या औद्योगिक क्षेत्रात कंत्राटी कामगारांवर संशोधन करताना हेच वाक्य मला एका मराठी सुपरवायझरने ऐकवलं. त्याच दमात मशीनवरच्या पोरांकडे बोट दाखवून म्हणाला, "यांच्या अंगातच मेहनत असते, डोक्याचं काम नाही जमत." शरीर त्यांचं, डोकं आमचं. याला वर्णव्यवस्था म्हणतात. एनबीएची जर्सी घातल्याने ती आधुनिक होत नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या शहरांत आले. शिकागोत त्यांना साउथ साइड आणि वेस्ट साइडच्या पट्ट्यांत कोंबलं गेलं. बाहेर घर मिळेना, बँका कर्ज देईनात. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. उघडं राहिलं ते शाळेचं जिम आणि पार्कातली रिंग. तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरं खेळली, घासली गेली, त्यांतली मोजकी वर आली.

आणि वर येऊन काय? हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा संघ मूळचा साउथ साइडचा, नाव तेवढं न्यूयॉर्कच्या वस्तीचं. खेळाडू कृष्णवर्णीय, मालक गोरा. 1948 मध्ये त्यांनी बलाढ्य मिनियापोलिस लेकर्सना हरवलं, तरी प्रेक्षकांना त्यांच्याकडून हवी होती ती मस्करीच. त्याच संघातून शिकागोच्या ड्यूसेबल हायस्कूलचा नॅट क्लिफ्टन 1950 मध्ये न्यूयॉर्क निक्सकडे गेला. एनबीएच्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी हा एक. उतारवयात तो शिकागोत टॅक्सी चालवत होता. रक्ताने काही त्याला पोसलं नाही.

‘हूप ड्रीम्स’ हा 1994 चा माहितीपट जरूर पाहा. शिकागोची दोन मुलं, विल्यम गेट्स आणि आर्थर एजी. आयझाया थॉमस जिथे शिकला त्याच खासगी शाळेने दोघांना खेळासाठी घेतलं. गेट्सच्या फीची सोय झाली. एजीच्या घरच्यांना फी झेपेना, तसं त्याला शाळा सोडावी लागली. शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून कॉलेजच्या खिडकीशी उभं राहिलेल्या कुणालाही या प्रसंगाला सबटायटल लागणार नाहीत.

पीण्यावरून जाणारा तुमकुरू रस्ता पुढे धारवाड, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला पोहोचतो. धारवाडला जन्मलेले, चांभार समाजातले बाळू पालवणकर पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यात मैदानाची कामं करत आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकत. बॅट मात्र हाती दिली जात नसे. घाम गाळायची गोलंदाजी त्यांची, मिरवायची फलंदाजी दुसऱ्यांची! पुढे इंग्रजांना हरवायला हिंदू क्लबालाही तेच लागले. बाळूंनी टाकलेला चेंडू झेलताना विटाळ होत नव्हता. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाची कप्तानी त्यांना कधीच मिळाली नाही. 1920 मध्ये डावललं गेल्यावर विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली, जाहीर निषेध केला. 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाले. ती कप्तानी भांडून मिळाली होती.

‘रक्ता’वाल्यांना म्हणूनच खेळाडूंची यादी आवडते, मैदान, फी आणि कप्तानी कुणाच्या हातात होती, हा प्रश्न आवडत नाही. मी मात्र पीण्यातल्या मुलाखतींत तो घातला आहे: तुमची मुलं कुठे खेळतात? बहुतेक उत्तर एकच येतं. रस्त्यावर, रविवारी, लॉऱ्या नसल्या की.