अक्षर आठवत नाही? टॉनिक नको, पेन घ्या!

"डॉक्टर, बँकेत अर्ज लिहिताना 'ज्ञ' कसा काढायचा तेच आठवेना. मला विसरण्याचा आजार लागला का?" हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. विचारणारे पन्नाशीतले, व्यवहारात चोख. पिशवीत मात्र 'स्मरणशक्ती वाढवणाऱ्या' गोळ्यांची बाटली! ती आधी बाजूला ठेवा.

अक्षर ओळखणे आणि आठवून लिहिणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. वाचताना अक्षर समोर असते, फक्त ओळख पटवायची. लिहिताना मेंदूला आकार आठवावा लागतो, रेघांचा क्रम लावावा लागतो आणि हाताला हुकूम द्यावा लागतो.

जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेली कांजी चित्राक्षरे २१३६ आहेत. तिथे उच्चार टाइप केला की यंत्र कांजी पुढे करते, माणूस फक्त निवडतो. परिणाम? सहज वाचणारी माणसेही पेन धरले की अडतात. आपणही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो आणि मोबाइलने दिलेल्या शब्दावर बोट ठेवतो. म्हणजे ओळखण्याचा सराव रोज, आठवण्याचा शून्य. हा आजार नाही, ही सुटलेली सवय आहे. सुटलेल्या सवयीवर गोळी नसते.

"आता हाताने लिहायची गरजच काय?" असे म्हणणाऱ्यांना मी मोडीची आठवण देतो. शाळेतून मोडी गेली, हातातून सुटली. आज कोल्हापूरच्या पुरालेखागारातले मोडी कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो. पणजोबांनी लिहिलेला घरचा कागद आपल्यालाच परका!

म्हणून माझे औषध फुकटचे आहे. रोज अर्धे पान हाताने लिहा. किराणा यादी, हिशेब, नातवाला चिठ्ठी, काहीही. अडलात तर लगेच मोबाइल पाहू नका, आधी आठवून बघा. याने स्मृतिभ्रंश टळेल असा दावा मी करणार नाही. पण अक्षर परत हातात येईल.

एक मात्र पक्के लक्षात ठेवा. काल नीट लिहिणाऱ्याला आज अचानक लिहिता येईना, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा माझ्या ओपीडीची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. तसेच पैशांचे व्यवहार, ओळखीचे रस्ते, घरच्यांची नावे विसरू लागलात, तर तपासणी हवीच.

बाकीच्यांनी गोळ्यांचे पैसे वाचवा आणि एक वही आणा.