सुरांचे थर आणि कानांचा हिशेब

गणेशोत्सव जवळ आला, लग्नसराई सुरू झाली की डेसिबलची चर्चा सुरू होते. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती, रात्री दहाची मर्यादा, पोलिसांची कारवाई यांवर दरवर्षी लिहिले-बोलले जाते आणि ते आवश्यकही आहे. मात्र या भिंतींमधून ऐकू येणाऱ्या अनेक सुरांची जडणघडण रस्त्यावर होत नाही. ती घरातल्या खोलीत, रात्री जेवणानंतर, कानाला हेडफोन लावून बसलेल्या कीबोर्डवादकाच्या हातून होते. तिथल्या डेसिबलची मोजदाद मात्र कोणी करत नाही.

कीबोर्डवर तयार मिळणाऱ्या आवाजांवर समाधान मानण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. बँजो पथक, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ यांत वाजवणारी मुले स्वतःचे ‘टोन’ बनवतात. सनईच्या आवाजाखाली व्हायोलिनच्या ताफ्याचा एक थर घालायचा, त्यावर घंटीसारखा टोकदार आवाज ठेवायचा, तळाला खर्जाची जोड द्यायची आणि तयार झालेला टोन पेनड्राइव्हवरून किंवा मोबाइलवरून मित्रांना द्यायचा. काही जण असे टोन विकतातही. यात कल्पकता आहे, कानाची तयारी आहे आणि अनेकांसाठी चार पैशांची कमाईसुद्धा आहे. त्यामुळे हा छंद बंद करा, असे सांगण्यात काहीच अर्थ नाही. तो कानाला न दुखावता कसा जोपासायचा, हा खरा प्रश्न आहे.

सुरांवर सूर चढवणे आपल्याकडे नवे नाही. पेटीत खर्ज, नर, मादी असे रीडचे वेगवेगळे संच असतात. एक पट्टी दाबली की दोन-तीन सूर एकत्र बोलतात आणि आवाज भरदार होतो. विजेवरच्या वाद्यांत हीच कल्पना वेगळ्या मार्गाने आली. 1987 मध्ये आलेल्या रोलँड डी-50 या सिंथेसायझरमध्ये खऱ्या वाद्याच्या आवाजाचा सुरुवातीचा छोटा तुकडा घेऊन त्याला यंत्राने तयार केलेला लांब सूर जोडलेला होता. ही युक्ती चालली, कारण एखादे वाद्य ओळखताना आपला कान सुराच्या सुरुवातीच्या क्षणावर खूप विसंबतो. सुरुवात पटली की पुढचा कृत्रिम सूरही त्याला खरा वाटू लागतो.

पेटी आणि कीबोर्ड यांत मात्र एक मोठा फरक आहे. पेटीला भाता असतो. जास्त रीड बोलवायचे तर जास्त हवा लागते आणि ती हाताने भरावी लागते. हाताची ताकद हीच आवाजाची मर्यादा ठरते. कीबोर्डवर थर दोन असोत की चार, बटण दाबायला लागणारे कष्ट तेवढेच आणि आवाज वाढवायलाही बोटभर हालचाल पुरते. शरीराकडून ‘आता पुरे’ असा इशारा येण्याची सोयच उरत नाही.

हिशेब साधा आहे. सारख्याच पातळीचे दोन वेगवेगळे आवाज एकत्र वाजले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे पातळी 3 डेसिबलने वाढते. चार आवाजांची वाढ 6 डेसिबल. आकडे किरकोळ वाटतात, पण कानाच्या सुरक्षिततेचे गणित याच 3 डेसिबलच्या पायरीवर चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार प्रौढांना आठवड्याला 40 तास 80 डेसिबल चालतात. मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. पातळी 3 डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. 83 डेसिबलला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला अवघे 5 तास. म्हणजे एका आवाजावर आठवडाभर निर्धास्त रियाज करणाऱ्याने त्याच पातळीचे चार थर लावले, तर त्याची सुरक्षित वेळ चौथ्या हिश्शावर येते.

अडचण अशी, की कानाला हे जाणवत नाही. 3 डेसिबलची वाढ जेमतेम लक्षात येते. आवाज ‘दुप्पट झाला’ असे वाटायला साधारण 10 डेसिबल वाढावे लागतात आणि तेव्हा कानावर पडणारी ऊर्जा दहापट झालेली असते. जाणीव एका मापाने चालते, इजा दुसऱ्याच मापाने. शिवाय सतत ऐकत राहिले की मोठा आवाजही सवयीचा होतो.

दुसरी अडचण आवाज एकमेकांना झाकण्याची. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत वेगवेगळ्या पट्टीच्या सुरांना वेगवेगळी जागा असते. दोन थर एकाच जागेवर आले की ते तिथे एकमेकांना दाबतात. जोरदार खर्ज तर वरच्या पट्टीतले बारकावेही गिळून टाकतो. मग वादकाला वाटते, सनई दबली. तो सनईची पातळी वाढवतो; मग व्हायोलिन कमी वाटू लागते. असे करत तासाभरात सगळेच वर गेलेले असते.

आणि असा टोन पुढे पाठवला की प्रश्न एका कानापुरता राहत नाही. टोनच्या फाइलमध्ये नुसता आवाज नसतो. प्रत्येक थराची पातळी, खर्ज-तीव्र यांचे प्रमाण, घुमारा हे सगळे नोंदलेले असते. बनवणाऱ्याने जोरात बनवलेला टोन घेणाऱ्याच्या कानातही जोरातच उघडतो. साध्या पियानोवर बसवलेली हेडफोनची पातळी तशीच ठेवून नवा टोन निवडला, की कानावर अचानक धडका बसतो. त्यात माणसाच्या कानाची एक खोड आहे. दोन टोन शेजारी ठेवले, तर किंचित मोठा असलेला त्याला ‘चांगला’ वाटतो. त्यामुळे ज्याचा टोन मोठा, त्याला मागणी जास्त आणि पुढचा बनवणारा त्याहून मोठा बनवतो. टोन वाटला जातो, तशी त्याची पातळीही वाटली जाते.

याची किंमत काय? प्रत्येक कानात जन्मतः साधारण 15 हजार श्रवणपेशी असतात. त्यांच्यावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला फटका बहुधा 3 ते 6 हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात बसतो. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी या उंच पट्ट्यांवर ठरते. म्हणूनच असे रुग्ण ‘ऐकू येत नाही’ असे म्हणत नाहीत. ‘ऐकू येते, पण गर्दीत शब्द कळत नाहीत’ ही त्यांची तक्रार असते. अनेकांच्या कानात सतत शिट्टी वाजत राहते. वादकासाठी तर हा दुहेरी तोटा. वरच्या पट्टीतले ऐकू येणे कमी झाले, की तो टोनमध्ये तीच पट्टी आणखी वाढवतो.

कार्यक्रमानंतर कान बधिर होतात, सकाळी बरे वाटते, म्हणून माणूस निश्चिंत राहतो. पण कुजावा आणि लिबरमन यांनी 2009 मध्ये उंदरांवर केलेल्या संशोधनात दिसले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाली तरी श्रवणपेशी आणि चेतातंतू यांचे जोड मोठ्या प्रमाणावर कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे नेमके किती घडते याचा अभ्यास चालू आहे. तरीही सकाळी बरे वाटणे म्हणजे काहीच झाले नाही, असे समजण्याला आता आधार उरलेला नाही.

असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे जगभरात एक अब्जाहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यांना पत्र पाठवून हेडफोनच्या अतिवापराबद्दल सावध केले. मोबाइलमध्ये ‘आवाज धोकादायक पातळीवर आहे’ अशी सूचना येऊ लागली आहे आणि व्हिडिओ गेमसाठीही आंतरराष्ट्रीय मापदंड तयार झाला आहे. पण दिवसाला चार-चार तास हेडफोन लावून कीबोर्डवर बसणारा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. घरगुती कीबोर्डवर आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये नसतो, आठवड्याची बेरीज नसते, इशारा नसतो. वाद्य म्हटले की ते निरुपद्रवी, हा आपला समज त्याला कारण आहे. मोबाइलला जे जमते, ते त्याहून महाग असलेल्या वाद्याला जमवणे उत्पादकांना अवघड नसावे. ही मागणी संगीत शिक्षकांनी आणि पालकांनी करायला हवी.

तोपर्यंत वादकांच्या हातात बरेच काही आहे. चांगला टोन आणि सुरक्षित टोन यांत इथे भांडण नाही. थर वेगवेगळ्या पट्ट्यांत पसरले, तर तेवढ्याच ऊर्जेत आवाज अधिक भरदार वाटतो. म्हणून एक थर फक्त सुरुवातीच्या टोकासाठी, एक मधल्या अंगासाठी ठेवावा आणि खर्ज एकाच थराकडे सोपवून बाकीच्यांतला कापावा. एखादा थर दबला, तर त्याला वाढवण्याआधी त्याला झाकणारा कमी करून पाहावा. टोन पुढे देण्यापूर्वी त्याची पातळी कीबोर्डच्या मूळ पियानोशी जुळवावी आणि घेणाऱ्याने नवा टोन उघडताना आधी आवाज उतरवावा.

शक्य तेव्हा स्पीकरवर, मध्यम आवाजात काम करावे. तिथली पातळी मोबाइलमधल्या ध्वनिमापक ॲपवर अंदाजाने तरी कळते. रात्री हेडफोन लागणारच असेल, तर कान झाकणारा निवडावा आणि पुरेशा आवाजाच्या खुणेवर चिकटपट्टी लावून त्यापुढे जाऊ नये. दर तासाला दहा मिनिटे शांततेची द्यावीत. कानात शिट्टी वाजू लागली किंवा गर्दीत बोलणे कळेनासे झाले, तर कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी करून घ्यावी. नियमित वाजवणाऱ्याने तक्रार नसतानाही वर्षातून एकदा ती करावी. अचानक एका कानाचे ऐकू येणे कमी झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तिथे उशीर महागात पडतो.

टोन बिघडला, तर तो पुन्हा बनवता येतो. हरवला, तर मित्राकडून पुन्हा घेता येतो. ज्या कानाने तो पारखायचा, त्याची दुसरी प्रत कोणाकडेच नसते.