नादियाला किती मिनिटं मिळाली?

बीबीसीची 'बॉडीगार्ड' अजून पाहिली नसेल आणि पाहायची असेल, तर इथेच थांबा. पुढे शेवट सांगितलाय, कारण तो सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येत नाही. मालिका २०१८ची आहे, नेटफ्लिक्समुळे आपल्याकडेही भरपूर पाहिली गेली, त्यामुळे फार अपराधी वाटून घेत नाही.

या मालिकेचा विषय निघाला की एक कौतुक हमखास ऐकायला मिळतं. कास्टिंग बघा म्हणे! गृहमंत्री बाई (कीली हॉझ), दहशतवादविरोधी विभागाची प्रमुख बाई (जीना मकी), अंगरक्षकांच्या शाखेची प्रमुखही बाई (पिपा हेवुड). तपास करणारा अधिकारी दीपक शर्मा, म्हणजे अ‍ॅश टंडन, आणि त्याच्यासोबतची डिटेक्टिव्ह कृष्णवर्णीय, नीना तूसाँ-व्हाइट. 'आपल्याकडे असं कधी होणार?' हे त्या कौतुकाचं ठरलेलं शेपूट.

कौतुक खोटं नाही. यादी खरंच चांगली आहे आणि कामंही झकास झालीत. रिचर्ड मॅडनला डेव्हिड बडच्या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं ते उगाच नाही. पण नट किती रंगांचे आहेत हे मोजून मालिकेची न्यायबुद्धी कळत नाही. माझं मोजमाप वेगळं आहे. कुठल्या पात्राला स्वतःचं 'का' सांगायला किती वेळ मिळाला?

सुरुवातीची वीसेक मिनिटं आठवा. लंडनकडे निघालेली गाडी. डेव्हिड आपल्या दोन लहान मुलांना घेऊन चाललाय. टॉयलेटमध्ये एक तरुण मुस्लिम बाई, अंगाला स्फोटकं बांधलेली, भीतीने थरथरणारी. ती नादिया. डेव्हिड अफगाणिस्तानात लढून आलेला माणूस. तो तिच्याशी बोलत राहतो. तुला नवऱ्याने भरीला घातलंय, तुझ्यासारखी पोरं मी तिकडे मरताना पाहिलीत, असं काहीबाही. आणि शेवटी पोलिसांच्या बंदुका तिच्यावर रोखलेल्या असताना हा गडी तिला मिठी मारून स्वतः आड येतो. गेल्या काही वर्षांत टीव्हीवर इतकं ताणलेलं आणि इतकं माणुसकीचं दृश्य मी तरी पाहिलेलं नाही.

सहाव्या भागात कळतं की ही बाई बिचारी वगैरे काही नव्हती. ती इंजिनिअर. बॉम्ब तिनेच बनवले. तुम्ही मला दबलेली मुसलमान बाई समजलात हाच तुमचा मूर्खपणा, असं ती पोलिसांच्या तोंडावर सांगते, आणि तेही जिंकल्यासारखं हसत. त्या रात्री हा भाग एक कोटीहून जास्त ब्रिटिशांनी पाहिला.

नादियाचं काम केलंय अंजली मोहिंद्राने. नॉटिंगहॅमची, भारतीय वंशाची मुलगी. २००८पासून ती 'सारा जेन अ‍ॅडव्हेंचर्स' या लहान मुलांच्या मालिकेत रानी चंद्रा होती. पत्रकार व्हायचं स्वप्न बघणारी, परग्रहवासीयांशी दोन हात करणारी शेजारची पोरगी. तिथून दहा वर्षांत ही आत्मघाती जाकिटापर्यंत पोचली. तिच्यावर राग नाही. उलट तिने या भूमिकेची जाहीरपणे बाजू घेतली आणि तिचं म्हणणं मला समजतं. नुसतं रडणाऱ्या, वाचवल्या जाणाऱ्या बाईपेक्षा स्वतःच्या डोक्याने चालणारी बाई नटीला केव्हाही हवीशी वाटणार. आणखी एक युक्तिवाद होतो. लेखक जेड मर्क्युरिओने प्रेक्षकाचाच पूर्वग्रह पकडला, गोऱ्या माणसाची कीवसुद्धा एक प्रकारचा तोराच असतो हे दाखवून दिलं. ऐकायला छान आहे. पण अबला नाही म्हणजे मग थेट जिहादी? मधे काहीच नाही? डॉक्टर, गाडीतली साधी प्रवासी, दीपक शर्माची सहकारी, काहीही नाही?

आता खरी गंमत. त्याच मालिकेत अँडी अ‍ॅप्स्टेड आहे. टॉम ब्रुकने केलाय, फार चांगला केलाय. डेव्हिडचा जुना साथीदार, युद्धात चेहरा भाजलेला. हा माणूस इमारतीच्या गच्चीवरून गृहमंत्र्यांच्या गाडीवर गोळ्या झाडतो. तिचा ड्रायव्हर मरतो. याला दहशतवाद नाही तर काय म्हणायचं? पण अँडीला आपण आधी भेटलेलो असतो. त्याचे व्रण पाहिलेले असतात, युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्या पुढाऱ्यांवरचा त्याचा संताप ऐकलेला असतो. तो डेव्हिडसमोर स्वतःवर गोळी झाडतो तेव्हा आपल्याला वाईट वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

स्वतः डेव्हिडही त्याच रागाचा धनी. हाच गृहमंत्र्यांना मारेल की काय, यावर अर्धी मालिका उभी आहे. तरी आपण त्याच्या बाजूने असतो, कारण त्याला सहा तास मिळालेत. मोडलेला संसार, न येणारी झोप, मुलं, सगळं आपण पाहिलंय.

म्हणजे एकाच युद्धाच्या सावलीतली तीन हिंसक माणसं. दोन गोरे सैनिक, त्यांना जखम आहे, भूतकाळ आहे. तिसरी नादिया. तिच्या वाट्याला शेवटी चौकशीच्या टेबलावरची काही मिनिटं. ती कुठली, इंजिनिअरिंग कुठे शिकली, कधी आणि कशाने बदलली, घरी कोण आहे? काही नाही. स्फोटकं गुन्हेगारांना का विकली तर कार्यासाठी पैसा हवा होता. संपलं.

आणि ताहिर महमूद? शुभम सराफने केलेला गृहमंत्र्यांचा पीआर सल्लागार. सभेत स्फोट होतो, त्यात हा मरतो आणि संशयाची सुई बराच वेळ त्याच्या ब्रीफकेसवर. नंतर कळतं बॉम्ब मंचाखाली होता. यादीत दोन ठळक मुस्लिम पात्रं. एक खरी बॉम्बवाली, दुसरा मेल्यावरही संशयित. शर्माजी मात्र सुखरूप, तपास करतायत. भारतीय प्रेक्षक म्हणून आपण तिथे खूश होतो, हेही जरा तपासून बघायला हरकत नाही.

नट रिझ अहमदने मार्च २०१७मध्ये ब्रिटिश संसदेत याच विषयावर भाषण केलं होतं. त्यावरून पुढच्या वर्षी 'रिझ टेस्ट' नावाचे पाच प्रश्न तयार झाले. मुस्लिम पात्र दहशतवादाशी जोडलेलं आहे का, विनाकारण संतापी आहे का, मागासलेलं आहे का, पाश्चात्य जगण्याला धोका आहे का, पुरुष असेल तर बायकांना तुच्छ लेखणारा आणि बाई असेल तर पुरुषाने दाबलेली आहे का. एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तरी नापास. नादिया पहिल्या भागातच नापास होते आणि सहाव्यात पुन्हा एकदा.

आता कुणी म्हणेल, अहो, थ्रिलर आहे, इतकं काय मनावर घ्यायचं! हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं मराठी माणूस म्हणजे एकतर हवालदार नाहीतर भांडीवाली बाई. आपण चिडतो, पोस्टी लिहितो. पण त्यामुळे आपल्याला लोकलमधून कुणी खाली उतरवत नाही. ब्रिटनमध्ये २०१५च्या कायद्याने शाळा, विद्यापीठं, दवाखाने यांच्यावर 'प्रिव्हेंट'चं कर्तव्य टाकलंय. कुणी कट्टर होतोय अशी शंका आली तर लक्ष ठेवा, कळवा. शंका कुणाची यायची, हे शिक्षकाच्या नाहीतर नर्सच्या डोक्यातली चित्रं ठरवणार. ती चित्रं कुठून येतात?

शेवटचा भाग प्रक्षेपित झाला सप्टेंबर २०१८मध्ये. तेव्हा खरे गृहमंत्री होते साजिद जाविद, पाकिस्तानातून आलेल्या बस ड्रायव्हरचा मुलगा. पाच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९मध्ये, सीरियातल्या छावणीत शमीमा बेगम सापडली. पंधराव्या वर्षी लंडनहून पळालेली मुलगी. जाविद यांनी तिचं नागरिकत्व काढून घेतलं. देशभर वाद एकच, बिचारी की जिहादी? मालिकेमुळे हे झालं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं बालिश ठरेल. पण प्रश्नाची चौकट तीच, दोनच खोल्यांची. २०२३मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने मान्य केलं की लैंगिक शोषणासाठी तिची तस्करी झाल्याचा विश्वासार्ह संशय आहे. तरीही अपील फेटाळलं. पंधरा वर्षांची मुलगी फसवली गेली असेल आणि नंतर तिने चुकीचंही काही केलं असेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायची सवय लोकांना नव्हती.

आणि असं लिहिता येतच नाही असंही नाही. चॅनल फोरवर २००७मध्ये पीटर कोसमिन्स्कीची 'ब्रिट्झ' आली होती. दोन भाग, ब्रॅडफर्डचे भाऊबहीण. भाऊ सोहेल (तोच रिझ अहमद) गुप्तचर खात्यात जातो. बहीण नसीमा (मनजिंदर विर्क) मेडिकलची विद्यार्थिनी, आणि ती आत्मघाती हल्ल्यापर्यंत पोचते. म्हणजे पात्र नादियापेक्षा सौम्य अजिबात नाही. त्याही मालिकेवर टीका झाली. पण दुसरा अख्खा भाग नसीमाचा आहे. दहशतवादविरोधी कायद्याखाली तिच्या मैत्रिणीला उचलतात, ती पुढे जीव देते, घरच्यांशी बिनसतं, सगळं आपण तिच्या बाजूने बघतो. ती जे करते ते बरोबर वाटत नाही, क्षणभरही नाही. पण ती कोण होती हे माहीत असतं.

अंजली मोहिंद्रा पुढे २०२१च्या 'व्हिजिल'मध्ये दिसली. अणु-पाणबुडीवरची डॉक्टर, नाव टिफनी डॉकर्टी. भूमिका छोटीच. पण डोक्यावर स्कार्फ नाही, अंगावर जाकीट नाही आणि तिच्या अडचणीत धर्माचा संबंध नाही. 'बॉडीगार्ड'ची कास्टिंग आवडलेल्यांनी तीही पाहावी. 'ब्रिट्झ' मिळाली तर आधी ती. आणि तिचा दुसरा भाग मोबाइलवर, काम करता करता बघू नका.